गाठ सापडली, म्हणून जीव वाचला का?



आमच्या शाळेच्या जिन्यापाशी एक फळा आहे. त्यावर दर आठवड्याला आरोग्याचे एक वचन लिहिण्याचे काम विज्ञानशिक्षक म्हणून माझ्याकडे आहे. “लवकर निदान, लवकर उपचार, हाच कर्करोगावर विजय” हे वचन मी त्या फळ्यावर कितीतरी वेळा लिहिले आहे. गेल्या वर्षी ते लिहिताना मात्र माझा हात थबकला. त्याला कारण घडल्या आमच्या गणिताच्या बाई.

बाईंना कसलाही त्रास नव्हता. एका तपासणी केंद्राने ‘संपूर्ण शरीर तपासणी’ची सवलत जाहीर केली होती. घरच्यांच्या आग्रहाखातर त्या जाऊन आल्या. सोनोग्राफीत त्यांच्या गळ्यात सहा मिलिमीटरची एक गाठ दिसली. मुगाचा एक दाणा डोळ्यांपुढे आणा, साधारण तेवढीच. केंद्राने लगोलग गाठीत सुई घालून नमुना काढला आणि चार दिवसांनी अहवाल हाती दिला. त्यावर लिहिले होते, ‘थायरॉइडचा कर्करोग’. घरात रडारड झाली. नातेवाईक म्हणाले, “काढून टाका एकदाची!” बाई ज्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेल्या, ते मात्र शांतपणे म्हणाले, “शस्त्रक्रिया करता येईल. पण न करता नुसते लक्ष ठेवले, तरीही चालेल. दोन्ही मार्ग शास्त्राला धरून आहेत.”

बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “सर, कर्करोग आहे म्हणतात आणि थांबलात तरी चालेल असेही म्हणतात! हे कसले शास्त्र?”

प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर शोधताना मी जे वाचले, त्यातून माझे एक मत बनले. ते असे की, “लवकर निदान म्हणजे वाचलेला जीव” हे समीकरण सर्व रोगांना सरसकट लावणे अशास्त्रीय आहे. आणि थायरॉइडच्या बाबतीत तर ते लावल्याने हजारो निरोगी माणसे रुग्ण बनली आहेत. हे मत तुम्ही डोळे मिटून मान्य करू नये. पुरावा पुढे मांडतो, तो तपासावा.

ग्रंथी आणि तिचे शेजारी

थायरॉइडला मराठीत अवटु ग्रंथी म्हणतात. आरशासमोर उभे राहा, मान किंचित वर करा आणि पाण्याचा घोट घ्या. गळ्याच्या पुढच्या बाजूस, कंठमण्याच्या खाली, जो भाग घोटाबरोबर वर जाऊन खाली येतो, तेथे ही ग्रंथी श्वासनलिकेला बिलगून बसलेली असते. पंख पसरलेल्या फुलपाखराचा तिचा आकार आणि वजन सुमारे १५ ते २० ग्रॅम. रक्तातील आयोडीन ओढून घ्यावयाचे, त्यापासून हॉर्मोने तयार करावयाची आणि ती रक्तात सोडावयाची, हे तिचे काम. शरीराची वाढ, उष्णता, हृदयाची गती, मेंदूचा विकास ही सारी त्या हॉर्मोनांवर अवलंबून असतात.

तिचे शेजारीही महत्त्वाचे आहेत. तिच्या मागून दोन्ही बाजूंनी एकेक बारीक मज्जातंतू स्वरयंत्राकडे जातो. त्याला इजा झाली, की आवाज घोगरा होतो किंवा बसतो. शिवाय तिच्या मागील पृष्ठभागावर तांदळाच्या दाण्याएवढ्या, सामान्यतः चार, परावटु ग्रंथी असतात. रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण त्या राखतात. त्या दुखावल्या, तर बोटांना मुंग्या येतात, स्नायूंना गोळे येतात आणि कॅल्शियमच्या गोळ्या, कधी कधी जन्मभर, घ्याव्या लागतात.

या ग्रंथीवरील शस्त्रक्रिया सुरक्षित केली ती स्वित्झर्लंडमधील बर्न येथील थिओडोर कोखर या शल्यवैद्याने. त्यासाठी त्याला १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्याच कोखरने १८८३ मध्ये एक कटू सत्यही प्रामाणिकपणे जाहीर केले होते. ज्यांची ग्रंथी त्याने संपूर्ण काढली होती, ते रुग्ण पुढे मंद, सुजलेले, थकलेले झाले होते. आज हॉर्मोनाची गोळी मिळते, म्हणून ती वेळ येत नाही. पण गोळी रोज, आयुष्यभर घ्यावी लागते. ‘काढून टाका एकदाची’ म्हणणे सोपे आहे. ते ‘एकदाचे’ कधीच नसते.

एक नाव, अनेक रोग

‘अवटु ग्रंथीचा कर्करोग’ हे एकाच रोगाचे नाव नव्हे. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे पॅपिलरी. दहा रुग्णांपैकी सुमारे आठांना हाच असतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या कोशिका अंकुरांसारख्या मांडलेल्या दिसतात. तो सहसा फार मंद गतीने वाढतो. दुसरा फॉलिक्युलर; हा रक्तावाटे हाडांत व फुप्फुसांत पोचू शकतो. तिसरा मेड्युलरी, काही घराण्यांत तो आनुवंशिक असतो. चौथा अ‍ॅनाप्लास्टिक, हा अत्यंत विरळा, पण मनुष्याला होणाऱ्या सर्वांत आक्रमक कर्करोगांपैकी एक. मुंगी आणि वाघ या दोघांनाही ‘प्राणी’ म्हणतात, पण दोघांना पाहून आपण सारखेच पळत नाही. कर्करोगाच्या बाबतीत मात्र नाव ऐकताच आपण सारखेच पळतो.

पूर्वी डॉक्टर गळा बोटांनी चाचपून गाठ ओळखत. हाताला लागेल एवढी, म्हणजे बहुधा सेंटिमीटरहून मोठी गाठ असेल तरच ती सापडे. पुढे श्राव्यातीत ध्वनीचा उपयोग करणारे सोनोग्राफीचे यंत्र आले आणि दोन-तीन मिलिमीटरच्या गाठीही दिसू लागल्या. आज निरोगी प्रौढ माणसांची अशी तपासणी केली, तर जवळजवळ निम्म्या लोकांत एखादी गाठ दिसू शकते. त्यांतील बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. संशय असेल तेथे बारीक सुईने कोशिका काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही पद्धत उत्तम आहे. अनेकांची अनावश्यक शस्त्रक्रिया तिने टाळली आहे. वाद यंत्राशी किंवा सुईशी नाही. ज्याला कोणतेही लक्षण नाही, अशा माणसाच्या गळ्यावर ती चालवावी का, एवढाच वाद आहे.

दक्षिण कोरियाचा धडा

या प्रश्नावर एका संपूर्ण देशाने, तसे न ठरवता, मोठा प्रयोग करून दाखविला आहे. दक्षिण कोरियाने १९९९ मध्ये कर्करोग शोधण्याची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिच्या यादीत अवटु ग्रंथी नव्हती. पण आलेल्या माणसाला थोडे जादा पैसे घेऊन गळ्याची सोनोग्राफीही करून देण्याची प्रथा दवाखान्यांत पडली. लोकही आनंदाने करून घेऊ लागले.

परिणाम काय झाला? १९९३ मध्ये जेवढ्या लोकांत हा कर्करोग सापडत होता, त्याच्या पंधरापट लोकांत तो २०११ मध्ये सापडू लागला. त्या एका वर्षात ४०,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. तो त्या देशातील सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग ठरला. आता दुसरा आकडा पाहा. या रोगाने दरवर्षी मरणाऱ्यांची संख्या ४०० हून कमी होती आणि या साऱ्या काळात मृत्यूचे प्रमाण जवळजवळ होते तेवढेच राहिले.

वही घ्या आणि विचार करा. रुग्ण पंधरापट, मृत्यू तेवढेच. याची स्पष्टीकरणे किती संभवतात?

पहिले असे की, रोग खरोखरच पंधरापट वाढला. मग मृत्यूही वाढावयास हवे होते. ते वाढले नाहीत.

दुसरे असे की, पूर्वी ज्या रोगाने माणसे दगावत होती, तोच आता लवकर सापडून बरा होऊ लागला. मग मृत्यू घटावयास हवे होते. तेही घटले नाहीत.

तिसरे असे की, रोगही वाढला आणि उपचारही नेमके तेवढेच सुधारले. मग वाढ आणि घट यांची वजाबाकी वर्षानुवर्षे शून्यच यावयास हवी. असा योगायोग एखाद्या वर्षी घडेल. अठरा वर्षे घडत राहणे कठीण.

चौथे असे की, रोग बहुतांशी होता तेवढाच राहिला; पाहणारे डोळे वाढले. ज्या गाठींनी त्या माणसांना जन्मात कधी त्रास दिला नसता, त्या सापडू लागल्या.

चौथे स्पष्टीकरण खरे असेल, तर ते आणखी दोन कसोट्यांना उतरले पाहिजे. एक, देशाच्या ज्या भागांत तपासणी जास्त, तेथे रुग्णही जास्त सापडावेत. तसेच आढळले. दोन, तपासणी कमी होताच रुग्ण कमी व्हावेत. तीही संधी आली. मार्च २०१४ मध्ये आठ डॉक्टरांनी एकत्र येऊन लोकांना जाहीर आवाहन केले की, लक्षण नसताना ही तपासणी करून घेऊ नका. वृत्तपत्रांनी विषय उचलून धरला. पुढच्या एका वर्षात या ग्रंथीवरील शस्त्रक्रिया ३५ टक्क्यांनी घटल्या. कोणत्या औषधाने एवढा मोठा ‘रोग’ वर्षभरात आटोक्यात आणला आहे? येथे तो एका पत्रकाने आणला!

ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या, त्यांचे काय? तेथील १५,००० हून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. शेकडा ११ जणांच्या परावटु ग्रंथींचे काम बिघडले होते आणि शेकडा दोघांच्या स्वरतंतूंना लकवा झाला होता. टक्केवारी ऐकताना काही वाटत नाही. गुणाकार करा. पंधरा हजारांत सुमारे १,६५० माणसे कॅल्शियमसाठी औषधांवर आणि सुमारे ३०० माणसांचा आवाज बिघडलेला. यांतील बहुसंख्य माणसे शस्त्रक्रियेपूर्वी धडधाकट होती.

टक्क्यांचे कोडे

येथे कोणी म्हणेल, “पण ज्यांची गाठ लवकर सापडली, त्यांच्यापैकी नव्याण्णव टक्के जगले ना? हा तपासणीचाच विजय!” शिक्षक मित्रांनी हा मुद्दा वर्गात अवश्य घ्यावा, टक्केवारीच्या पाठाला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

कल्पना करा, एका शहरात पूर्वी वर्षाला १०० रुग्ण सापडत आणि त्यांपैकी १० दगावत. वाचणाऱ्यांचे प्रमाण ९० टक्के. मग तपासणी केंद्रे निघाली आणि १,५०० रुग्ण सापडू लागले. दगावणारे मात्र पूर्वीइतकेच, म्हणजे १०. आता वाचणाऱ्यांचे प्रमाण किती? ९९ टक्क्यांहून अधिक! टक्का नव्वदावरून नव्याण्णवावर गेला, पण एकही माणूस जास्त वाचला नाही. फक्त छेद फुगला. म्हणून कोणत्याही तपासणीची महती सांगितली जाते, तेव्हा ‘किती सापडले’ आणि ‘सापडलेल्यांपैकी किती टक्के जगले’ हे दोन्ही प्रश्न अपुरे असतात. खरा प्रश्न एकच, ‘मरणारे किती कमी झाले?’

फिनलंडमधील शव आणि कोबेतील रुग्ण

निरुपद्रवी गाठी इतक्या असतील, हे खरे कशावरून? याचे उत्तर फिनलंडमधील संशोधकांनी १९८५ मध्येच देऊन ठेवले होते. अन्य कारणांनी मरण पावलेल्या १०१ व्यक्तींच्या अवटु ग्रंथी त्यांनी दोन-तीन मिलिमीटरच्या पातळ चकत्या करून तपासल्या. त्यांपैकी ३६ ग्रंथींत पॅपिलरी कर्करोगाचे सूक्ष्म ठिपके आढळले. म्हणजे तीन माणसांमागे एकाहून अधिक! ही माणसे तो ‘कर्करोग’ बाळगून जगली आणि दुसऱ्याच कारणाने वारली. चकत्या आणखी पातळ केल्या असत्या, तर आणखीही सापडले असते. त्या संशोधकांनी असे मत मांडले की, इतके बारीक ठिपके प्रौढ माणसात जवळजवळ स्वाभाविकच समजावेत.

यावर एक आक्षेप उरतो आणि तो जोरदार आहे. शवातील गाठ पुढे वाढली नाही, हे आपल्याला नंतर कळते. जिवंत माणसातील गाठ वाढणार की नाही, हे आधी कसे कळावे? जपानमधील कोबे येथील कुमा रुग्णालयाने या प्रश्नाला धैर्याने हात घातला. डॉ. अकिरा मियाउची यांच्या सूचनेवरून १९९३ पासून तेथे एक सेंटिमीटरपर्यंतच्या, धोक्याची चिन्हे नसलेल्या पॅपिलरी गाठींच्या रुग्णांना निवड करू दिली गेली: शस्त्रक्रिया करा किंवा ठरावीक काळाने सोनोग्राफी करून नुसती पाहणी ठेवा. पाहणी निवडलेल्या १,२३५ रुग्णांचा अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा वर्षांत शेकडा आठ जणांची गाठ तीन मिलिमीटर किंवा त्याहून अधिक वाढली. शेकडा चारांहून किंचित कमी जणांत मानेतील लसिका-ग्रंथींत रोग गेलेला दिसला. अशांवर मग शस्त्रक्रिया झाली. आणि या कर्करोगाने दगावले किती? एकही नाही.

याला म्हणतात शास्त्र! ‘आम्हांला वाटते’ असे न म्हणता, रुग्णांना विश्वासात घेऊन वाट पाहिली, मोजले आणि मोजलेले जगापुढे ठेवले. या पाहणीला कोणी हलगर्जीपणा म्हणू नये. शेतकरी आभाळाकडे पाहतो, तेव्हा तो रिकामा बसलेला नसतो.

दुसरी बाजू

लेखकाने एकच बाजू मांडून वाचकाला फसवू नये. लवकर शोधण्याने खरोखर जीव वाचतात, अशीही उदाहरणे याच ग्रंथीची आहेत.

मेड्युलरी कर्करोग घ्या. आनुवंशिक प्रकारात ‘रेट’ नावाच्या जनुकात दोष असतो, हे १९९३ मध्ये कळले. आज अशा घरातील मुलाची रक्ततपासणी करून दोष वारशाने आला आहे की नाही, हे सांगता येते. दोष असेल, तर कर्करोग होण्यापूर्वीच ग्रंथी काढून मुलाला वाचविता येते. दोष नसेल, तर त्या मुलाला जन्मभराच्या धास्तीतून सोडविता येते. येथे लवकर शोधणे म्हणजेच वाचविणे.

दुसरे उदाहरण चेर्नोबिलचे. २६ एप्रिल १९८६ रोजी त्या अणुवीज केंद्रात अपघात झाला आणि किरणोत्सर्गी आयोडीन वाऱ्यावर पसरले. ते गवतावर पडले, गाईंनी ते खाल्ले आणि दुधावाटे ते मुलांच्या पोटात गेले. वाढत्या वयाच्या मुलांच्या ग्रंथी आयोडीन हावरटपणे ओढून घेतात. पुढे काही वर्षांतच तेथील मुलांत या कर्करोगाचे प्रमाण झपाट्याने वाढले. हा रोग खरा होता, त्याचे कारण खरे होते आणि उपचारांनी त्यांतील बहुसंख्य मुले वाचली. तरीही संयुक्त राष्ट्रसंघाच्या किरणोत्सर्गविषयक शास्त्रीय समितीने २०१८ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा २०१५ पर्यंत नोंदलेल्या सुमारे १९,००० रुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश रुग्णच किरणोत्सर्गामुळे झाल्याचा अंदाज निघाला. उरलेल्यांत वाढते वय आणि अधिक बारकाईने झालेली तपासणी यांचा वाटा मोठा होता. २०११ मध्ये जपानात फुकुशिमाचा अपघात झाल्यावर सुमारे तीन लाख मुलांची सोनोग्राफी झाली आणि अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त गाठी सापडल्या. हा अनुभव जमेस धरून २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञांनी सांगितले की, अणुअपघातानंतरही सरसकट सर्वांचे गळे तपासत सुटू नये.

आता उपचारांकडे पाहा. ज्या आयोडीनने चेर्नोबिलमध्ये रोग दिला, त्याच आयोडीन-१३१ ने हजारो रुग्ण बरे केले आहेत. अवटु ग्रंथीच्या कर्करोगाच्या अनेक कोशिका, शरीरात कोठेही पसरल्या, तरी आयोडीन ओढण्याची आपली मूळ सवय सोडत नाहीत. रुग्णाला किरणोत्सर्गी आयोडीन पाजले, की ते नेमके त्या कोशिकांपाशी जाऊन बसते आणि त्यातून निघणारे बीटा कण एक-दोन मिलिमीटरच्या आतच आपली ऊर्जा टाकून त्यांना मारतात. चोराच्या सवयीनेच चोर पकडावा, तसे हे आहे. १९४१ मध्ये अमेरिकेत डॉ. सॉल हर्ट्झ यांनी अवटु ग्रंथीच्या अतिरेकी कार्यावर किरणोत्सर्गी आयोडीन प्रथम वापरले आणि याच दशकात ते कर्करोगावरही वापरले गेले. आपल्याकडे तुर्भे येथील अणुभट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉनांचा मारा करून आयोडीन-१३१ तयार करतात. मुंबईत परळ येथील किरणोत्सार वैद्यक केंद्रात १९६३ पासून त्याचा निदान आणि उपचार यांसाठी उपयोग होत आला आहे. याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे. ८० दिवसांनी मूळच्या कितवा भाग उरेल? दहा वेळा निम्मे करून पाहा: १,०२४ वा.

पण येथेही संशोधनाची दिशा ‘अधिक द्या’कडून ‘पुरेसे द्या’कडे वळलेली दिसते. पूर्वी शस्त्रक्रियेनंतर सर्रास १०० मिलिक्यूरी मात्रा देत. ब्रिटन व फ्रान्स येथील दोन चाचण्यांनी २०१२ मध्ये दाखविले की, कमी धोक्याच्या रुग्णांत ३० मिलिक्यूरींनी तेच काम होते. २०२२ मध्ये फ्रान्समधील पुढच्या चाचणीचा निष्कर्ष आला की, अगदी कमी धोक्याच्या रुग्णांना आयोडीन दिलेच नाही, तरी तीन वर्षांनंतरच्या निकालात फरक पडत नाही. उलट, ज्या अ‍ॅनाप्लास्टिक कर्करोगापुढे डॉक्टर हतबल होत, त्याच्या काही रुग्णांसाठी नेमका जनुकीय दोष हेरून मारा करणारी औषधे २०१८ पासून उपलब्ध झाली आहेत. जेथे वाघ आहे तेथे बंदूक, जेथे मुंगी आहे तेथे फुंकर!

शब्दांचेही ओझे असते

२०१६ मध्ये एक वेगळीच गोष्ट घडली. पॅपिलरी कर्करोगाचा एक उपप्रकार असा होता की, त्याची गाठ आपल्या आवरणाबाहेर पडतच नसे. जगभरातील तज्ज्ञांनी अशा १०९ रुग्णांच्या दहा ते सव्वीस वर्षांच्या नोंदी पाहिल्या. सर्वच्या सर्व जिवंत आणि रोगमुक्त होते. तेव्हा त्यांनी या प्रकाराच्या नावातून ‘कर्करोग’ हा शब्दच काढून टाकला. गाठ तीच, माणूस तोच; पण माणसाच्या छातीवरचा धोंडा उतरला. मला हे अलीकडच्या वैद्यकातील मोठ्या धैर्याचे कृत्य वाटते. चुकीचे नाव मागे घेणे हेही संशोधनच होय.

कारण सापडलेल्या गाठीचे मोल केवळ शस्त्रक्रियेत मोजून चालत नाही. रात्रीची झोप, मुलीच्या लग्नाची काळजी, खर्चासाठी मोडलेली ठेव, ‘त्यांना कर्करोग आहे’ ही शेजारची कुजबुज, हे सारे त्यात येते. बारा देशांच्या नोंदींवरून संशोधकांनी २०१६ मध्ये असा अंदाज केला की, दोन दशकांत ४,७०,००० स्त्रिया आणि ९०,००० पुरुष यांचे असे अनावश्यक निदान झाले असावे. यांत स्त्रियाच इतक्या अधिक का, यावर तुम्ही वर्गात चर्चा करावी.

मग आपण काय करावे?

माझ्या लिहिण्याचा विपर्यास होऊ नये, म्हणून स्पष्ट सांगतो. गळ्यात हाताला लागणारी किंवा डोळ्यांना दिसणारी गाठ असेल, आवाज काही आठवडे घोगरा राहिला असेल, गिळताना अडत असेल, लहानपणी मानेवर किरणोपचार झाले असतील किंवा घरात कोणास हा कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास एक दिवसही दवडू नये. अशा माणसाची तपासणी हे निदान आहे. ज्याला यांतले काहीच नाही, त्याच्या गळ्यात गाठ हुडकीत बसणे हे निराळे काम आहे. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा तज्ज्ञगटाने २०१७ मध्ये, लक्षणे नसलेल्या प्रौढांची अशी तपासणी करू नये, असाच सल्ला दिला आहे. याउलट गर्भाशयमुखाच्या कर्करोगासारख्या काही रोगांत तपासणीने मृत्यू घटतात, हे सिद्ध झाले आहे. म्हणून ‘सर्व तपासण्या वाईट’ हेही तितकेच अशास्त्रीय. प्रत्येक रोगाचा हिशेब स्वतंत्र मांडावा लागतो.

आपल्याकडे तपासण्यांच्या सवलतींच्या जाहिराती रोज दिसतात. दिवाळीला त्या भेट म्हणूनही देतात! अशी जाहिरात हाती आली, की चार प्रश्न विचारा. या तपासणीने मृत्यू कमी होतात, असे कोणी मोजले आहे का? काही सापडले, तर पुढे काय करावे लागेल? त्या उपचाराचा अपाय किती? आणि काहीच केले नाही, तर काय होईल? या चार प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी नाहीत, त्याच्या सवलतीने आपला फायदा होत नसतो.

आमच्या बाईंनी काय ठरविले, हे तुम्हांला जाणून घ्यायचे असेल. कोरियाचे आणि कोबेचे आकडे त्यांनी वहीत उतरवून घेतले, टक्केवारीचे कोडे माझ्याआधी सोडविले आणि पुन्हा तज्ज्ञांशी बोलून पाहणीचा मार्ग निवडला. त्या रोज पाच तास शिकवतात. आवाज हे त्यांचे साधन आहे. दुसऱ्या एखादीने, रोजची धाकधूक नको म्हणून, शस्त्रक्रिया निवडली असती, तर तेही चूक नव्हते. निवड तिची असावी आणि ती भीतीपोटी झालेली नसावी, एवढेच. दर सहा महिन्यांनी बाईंची सोनोग्राफी होते. पहिल्या वेळी गाठ सहा मिलिमीटर होती, दुसऱ्या वेळीही सहा. पुढे काय होईल, हे त्यांना ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. पण ती वाढली, तर ते वेळीच कळेल, हे मात्र दोघांना ठाऊक आहे.

जिन्याजवळच्या फळ्यावरचे वचन मी आता बदलले आहे. “लक्षण दिसताच डॉक्टरांकडे जा. लक्षण नसता तपासणीस जाल, तर आधी प्रश्न विचारा.” यमक जुळत नाही, अशी बाईंची तक्रार आहे. एखाद्या विद्यार्थ्याने जुळवून दिल्यास फळ्यावर त्याच्या नावासह लिहीन.